डाव्या पायावरचं पाणी

सिरसाळ्यात कुणालाही विचारा, आसारामच्या जीपमध्ये बसलं की डोळा लागतो म्हणजे लागतोच. बाजाराहून परतणाऱ्या बायका पिशव्या मांडीवर घेऊन पेंगायच्या, किरकिरं पोर फाट्यापर्यंत गप व्हायचं, आणि पुढच्या सीटवर बसून राजकारण सांगणारे पुढारी बोलता बोलता मान टाकायचे. गचका नाही, हिसका नाही. दुसऱ्यांच्या गाड्यांत माणसं बसायची, आसारामच्या गाडीत माणसं निजायची.

आणि खरं सांगू का, गाडी हाकणाराही पुरता जागा नसायचा. म्हणजे डोळे उघडे, हात जागच्या जागी, पण गडी भलतीकडंच. ढगाची सावली रानावरून सरकायला लागली की हा निघाला तिच्या जोडीनं. एकदा तर नवरदेवाला घेऊन मांडव सोडून थेट पुढच्या गावात गेला. वाजंत्रीवाले मागं पळतायत, करवल्या ओरडतायत, आणि हा आपला गालातल्या गालात हसत चाललाय! त्या नवरदेवाची पोरं आता कॉलेजात जातात, तरी आसाराम दिसला की तो हात जोडून म्हणतो, "मामा, आज तरी उतरवा मला."

हे स्वप्नाळू चालवणं तो शिकला भगवानरावाकडून. आसाराम विशीचा असताना ऊसतोडीच्या ट्रकवर क्लीनर होता आणि भगवानराव ड्रायव्हर. दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यावर निघायच्या. ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर गोधड्या टाकून झोपलेली अख्खी कुटुंबं. एका दुपारी घाट चढून वर आले आणि क्लच बसला. पायाखालचा दांडा खाली गेला तो वर येईचना.

"झालं, आता हितंच मुक्काम," आसाराम म्हणाला.

"कावून बे?" भगवानराव म्हणाला. "क्लच म्हंजी काय, घरात शिरताना कडी वाजवायची. घर आपलंच आसल्यावर कडी कशाला वाजवतोस? कान दे. रेस सोडली. गेर काढून न्यूटलला आणला. आता इंजनाचा आवाज उतरतोय... उतरतोय... आजून न्हाई... हां, आता! ढकलू नगंस, नुसतं बोट ठिव."

आणि गेर पडला. खट्ट नाही की खर्र नाही. सुईच्या नेढ्यातून दोरा गेल्यागत आत गेला. वर चढताना आवाज उतरू द्यायचा, खाली येताना रेस देऊन चढवायचा, आणि इंजन आणि चाक एका सुरात आले की गेर स्वतःच ये म्हणतो. कारखान्यापर्यंत भगवानरावानं असंच नेलं. मागची माणसं उतरली तेव्हा जांभया देत होती. आसारामला मात्र त्या दिवसापासून येडच लागलं. पुढं स्वतःची जीप झाली, क्लच चांगला ठणठणीत, तरी मोकळा रस्ता दिसला की हा डावा पाय मांडी घातल्यागत आत दुमडून ठेवायचा आणि नुसत्या कानानं गेर टाकायचा. त्यात त्याला काय सुख मिळायचं ते त्यालाच ठाऊक.

तर असा हा आसाराम. त्याचा डावा पाय ह्या पाडव्याला गेला.

गेला म्हणजे तुटला-बिटला नाही. कमरेत शीर दबली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात उपचार झाले, पण मांडीपासून खाली पाय बधिर तो बधिरच. चिमटा काढा, कळत नाही. विंचू चढला तरी कळायचा नाही. काठी घेऊन, तो पाय ओढत घरातल्या घरात फिरणं, एवढंच उरलं. त्याची बायको सुभद्राबाई, तिनं जीपची चावी तुरीच्या डाळीच्या डब्यात पुरून टाकली. जीप लिंबाखाली उभी राहिली आणि कोंबड्या तिच्या टपावर बसायला लागल्या.

आसारामनं कुरकूर केली नाही. त्याला एकच घोर होता आणि तो सगळ्या गावाला ठाऊक होता. नागपंचमी आली म्हणजे आक्काला आणायचं कसं?

आक्का म्हणजे वत्सलाबाई, त्याची थोरली बहीण, धर्मापुरीला दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच आसारामला कडेवर घेऊन वाढवला. लग्न होऊन गेली तेव्हा तो एवढासा होता. पहिल्या पंचमीला वडलांनी मुराळी म्हणून चुलत्याला पाठवलं. सासुरवाशिणीला सणाला न्यायला माहेरचं माणूस जातं, तो मुराळी. चुलता गेला काय नि भाऊ गेला काय, कुणाचं काय बिघडतंय? पण ही बया उंबऱ्याच्या आत बसून राहिली. "माजा भाऊ दारात आल्याबिगर मी उंबरा वलांडणार न्हाई," म्हणाली. सासू हसली, चुलता वैतागला, पण हिचं एकच. चुलता हात हलवत परत आला. दुसऱ्या दिवशी पोराला बैलगाडीत घातलं. ते वाटभर कडब्यावर झोपलं. धर्मापुरीत तिच्या घराची गल्ली चढाची, बैल धापा टाकत वर चढले तेव्हा कुठं त्याला जाग आली. आक्कानं तांब्या आणला, त्याच्या धुळीनं माखलेल्या पायांवर स्वतः पाणी घातलं, पदरानं पुसले, आणि मग उंबरा ओलांडला.

तेव्हापासून दर पंचमीला हेच. बैलगाडी गेली, सायकल आली, सायकल गेली, जीप आली. त्या चढाच्या गल्लीत जीपच्या चाकामागं धोंडा लावायचा, दारात उभं राहायचं, आणि आक्कानं पायावर पाणी घालायचं. पाणी घालताना ती वर बघत नसे. पायांकडंच बघायची. टाचेला भेग पडली तरी तिला कळायचं. "बायकू तेल देत न्हाई का रं?" म्हणायची.

आणि हीच तर अडचण होती! आसारामनं पाय गेल्याचं आक्काला सांगितलंच नव्हतं. फोन आला की हा खाटेवर पडून थापा ठोकायचा. "आज रानाला चक्कर मारून आलो आक्का. काल नदीवर गेलतो." तिकडून ती म्हणायची, "बरं बाबा, चाल चांगली आसती."

"सांगून टाका की एकदा," सुभद्राबाई म्हणायची.

"सांगितलं की ती म्हणंल, आता नगं येऊस. बस झालं आता. आन् मंग तिची पंचमी संपली. तिची काय, माजीबी संपली. तुला न्हाई कळायचं."

मुलगा अभिमन्यू पुण्याला असतो, चारचाकी आहे त्याच्याकडं. तो म्हणाला, "मी आणतो आत्याला एसीत बसवून." फोन केला तर आत्या म्हणाली, "तू ये की, जेवून जा. पर मी न्हाई यायची. माजा मुराळी हाय." झालं! म्हणजे गेला नाही तर ती येणार नाही, आणि गेला तर पायावर पाणी पडणार, आणि तिच्या नजरेला पडल्याशिवाय राहणार नाही.

आषाढात एका संध्याकाळी सुभद्राबाईनं डाळ निवडायला डबा उपडा केला, तर चावी गायब. बाहेर येऊन बघते तर जीप चालू! मागच्या पडीक रानात नुसती गोल गोल फिरतेय, आणि टपावरची एक कोंबडी अजून तशीच बसलेली. गाडी आधीच पहिल्या गेरात टाकायची, मग चावी फिरवून सेल मारायचा. स्टार्टरच गाडीला ओढायचा, इंजन पकडायचं आणि जीप चालायला लागायची. तिथून पुढं कानाचं काम. उजवा पाय रेसवर नाहीतर ब्रेकवर, डावा हात गेरवर, आणि डावा पाय आपला पाहुण्यासारखा बसून. बॅटरी तेवढी म्हातारी होती. एवढं वजन एकदोनदा ओढायची, मग नुसती कण्हायची. म्हणून थांबायचं कमीत कमी. रोज दिवस मावळताना आसाराम फिरायला लागला. लोक म्हणाले, आसारामनं जीप पाळलीय, पाय मोकळे करायला सोडतो तिला.

सुभद्राबाई ओट्यावरून बघायची. त्या फिरणाऱ्या माणसाचा चेहरा तिनं पाडव्यापासून बघितला नव्हता. चावी मागायचा तिला धीर झाला नाही.

पायावरच्या पाण्याचीही त्यानं तालीम केली बरं का! न्हाणीत दगडावर बसला आणि बायकोला म्हणाला, "घाल पाणी. मी आक्कासमोर म्हणतो तसं म्हणतो." तिनं तांब्या ओतला. "आहाहा! काय गार हाय!" आसाराम अंग चोरून म्हणाला. अगदी नाटकातल्या माणसासारखा. सुभद्राबाईनं तांब्या खाली ठेवला आणि तोंड फिरवून पदर डोळ्याला लावला. पाणी चुलीवरचं होतं.

पंचमी दोन दिवसांवर आली. सकाळी चहाच्या बशीशेजारी सुभद्राबाईनं भाकरीचं गठुडं ठेवलं. वर म्हणाली, "जावा. पर चढाला थांबू नका कुटं." आसारामनं तिच्याकडं बघितलं. तिनं नजर चुलीकडं वळवली. त्यानं नवीन धोतर नेसलं, डोक्याला टोपी घातली, काठी मागच्या सीटवर टाकली आणि निघाला.

श्रावणातलं आभाळ खाली आलेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूला सोयाबीन, कापूस, मधूनच मुगाचा हिरवा तुकडा. उन्हाचा कवडसा एका रानात पडायचा, विझायचा, पलीकडच्या रानात उमलायचा. पहिल्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. रेस सोडायची, आवाज उतरू द्यायचा, बोट ठेवायचं. गेर पडत गेले. आसारामला वाटलं आपण गाडी चालवत नाही, कुणीतरी हळूच थोपटतंय आणि आपण कडब्यावर निजलोय. बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळासुद्धा ऐकू आल्या त्याला. मग बघतो तर पुढं मेंढरं.

सगळा रस्ता मेंढरांनी भरलेला. थांबावं तर परत सेल मारावा लागणार. आसारामनं रेस देत देत गेर उतरवले, तिसरा, दुसरा, पहिला, आणि रेसवरचा पाय काढून घेतला. जीप इतकी हळू चालायला लागली की मेंढका खिडकीशेजारून चालत गप्पा मारायला लागला.

"मामा, हारन द्या ना, बाजूला करतो."

"नगं. चालू दे त्यांचं. मलाबी घाई न्हाई."

"कुटं निघाला?"

"भैनीला आणाया."

मेंढक्यानं त्याच्या पिकल्या मिशांकडं बघितलं. "ह्या वयात?"

"ती माज्याहून मोठी हाय," आसाराम म्हणाला, जणू त्यानं सगळा उलगडाच झाला. मेंढरं मागून-पुढून घासत चालली होती, जीप त्यांतलीच एक झालेली. वळणावर कळप रानात उतरला, मेंढक्यानं काठी वर करून निरोप दिला, आणि आसारामनं पुन्हा दुसरा टाकला. एकदाही थांबला नव्हता तो. परळीच्या गर्दीला बगल देऊन आडरस्ता धरला, एका चौकात मात्र बस आडवी आली. तिथं सेल मारावा लागला. बॅटरी कण्हली, पण ओढली बिचारीनं.

धर्मापुरी जवळ आली तसं स्वप्न उतरत गेलं. पाय आधी कुठला पुढं करायचा? उजवा. मग डावा हातानं उचलून ठेवायचा, पण हात लावलेला दिसता कामा नये. लगेच म्हणायचं, आहाहा, काय गार हाय. तो मनात घोकत होता, पोरगं परीक्षेला निघाल्यागत. गावाच्या अलीकडं एक टेकाड लागतं. तिथून रस्ता दोन्हीकडं उतरतो, आणि पलीकडं जुन्या देवळाचं काळं शिखर दिसतं. जीप टेकाडाच्या माथ्यावर आली.

रस्त्याच्या कडेच्या दगडावर आक्का बसली होती.

हिरवं लुगडं, शेजारी कपड्यांची पिशवी, मांडीवर तांब्या. आसारामला आधी वाटलं, डोळ्यापुढचं चित्र असेल, नेहमीसारखं. मग तिनं हात वर केला. त्यानं ब्रेक दाबला, गेर काढायचं भानच राहिलं नाही, आणि जीप एक गचका खाऊन बंद पडली. आयुष्यात पहिल्यांदा आसारामच्या गाडीनं गचका खाल्ला.

"आक्का! तू हितं?"

"हितंच की."

"मंजी... तू उंबरा वलांडलास?"

"वलांडला."

"मी यायच्या आदी?" त्याचा आवाज चढला. खरंच राग आला त्याला. एवढी वर्षं, आणि आज! "आगं, मी येतच व्हतो ना! मी आलो नसतो का? तुजा भरवसाच न्हाई का माज्यावर?"

"वरडून झालं का?" आक्का दगडाला हात टेकून उठली. गुडघे धरत, लंगडत जीपपाशी आली. "येड्या, गल्ली चढाची हाय. दारात गाडी थांबल्यावर परत चालू कशी करणार व्हतास? मागं धोंडा लावून? ह्या बॅटरीवर?"

गल्ली! आसारामनं पाण्याचा विचार केला, धोतराचा केला, नाटकाचा केला, आणि ती गल्ली सबंध विसरला होता तो. महिनाभर त्या दारापर्यंत मनानं रोज गेला, परत निघायचं कसं हे एकदाही सुचलं नव्हतं.

"तुला कुनी सांगितलं?" त्यानं विचारलं, पण उत्तर त्याला कळलंच होतं.

"सुभद्रानं. पाडव्यालाच."

"पाडव्याला! आन् मी फोनवर..."

"रानाला चक्कर मारली, नदीवर गेलतो," आक्का म्हणाली. "मी आयकायची. मला बरं वाटायचं तुज्या चालण्याचं आयकून." मग म्हणाली, "परवा सुभद्रा म्हणाली, आक्का, तुमीच त्यांना नगं म्हणा. मी म्हटलं, मी कावून नगं म्हणू? त्यो यायचाय तर येऊ दे. मी चार पावलं पुढं येते."

चार पावलं! घरापासून टेकाड केवढं लांब, आणि हिचे गुडघे कधीचेच गेलेले. उजाडल्यापासून बसत-उठत आली असणार. पिशवी नि भरलेला तांब्या घेऊन.

"पाय काढ बाहीर," ती म्हणाली.

आसारामनं दार उघडलं. उजवा पाय पायरीवर ठेवला. मग डावा, दोन्ही हातांनी उचलून, उघड उघड, आणून उजव्याशेजारी ठेवला. आक्का खाली वाकली. वर बघितलं नाही. उजव्या पायावर थोडं घातलं, मग डाव्यावर. तिथं मात्र ती सावकाश ओतत राहिली, घोट्यावर, टाचेवर, बोटांच्या बेचक्यांत.

"सांग," ती म्हणाली. "गार हाय का ऊन हाय?"

आहाहा, काय गार हाय. जिभेवर आलेलं वाक्य आसारामनं गिळलं.

"कळंना, आक्का," तो म्हणाला, आणि एवढ्या मोठ्या मिशांचा माणूस रस्त्यात, भर दिवसा, लेकरासारखा रडायला लागला.

"आसू दे," आक्का म्हणाली. "मला कळतंय. कोमट हाय." तिनं तांब्या रिकामा होईपर्यंत पाणी घातलं, पदरानं दोन्ही पाय पुसले, आणि डावा तिनंच उचलून आत ठेवला. मग जीपच्या पलीकडून फिरून पुढच्या सीटवर येऊन बसली.

सेल मारायची गरजच नव्हती. टेकाडाच्या उतारावर वळवून घेतली की झालं. आसारामनं चावी फिरवली, गेर न्यूटलला काढला, जीप मागच्या उतारावर सरकू देत स्टेअरिंग फिरवून तोंड वळवलं आणि सिरसाळ्याच्या बाजूला चाकं सोडली. जीप आपोआप उतरायला लागली. वारा आत आला. वेग जमला तसं त्यानं दुसऱ्या गेरवर बोट ठेवलं, नुसतं ठेवलं, आणि तो हळूच आत गेला. इंजन झोपेतून जागं झालं.

"कळलंबी न्हाई मला," आक्का म्हणाली.

ढगाची सावली रानावरून त्यांच्या जोडीनं निघाली. आक्कानं घरचं काय काय विचारायला सुरुवात केली, पुरणाची दिंडं केलीत का, झोका बांधलाय का लिंबाला, आणि विचारता विचारता शब्द लांबत गेले. पहाटेपासून चाललेली बाई ती. तिसऱ्या गेरला मान टेकली, चौथ्याला घोरायला लागली.

पुष्कळ पुढं गेल्यावर आसारामचं लक्ष सहज खाली गेलं. आक्काचा हात त्याच्या डाव्या गुडघ्यावर होता. कधी ठेवला होता कुणास ठाऊक. त्याला कळला नव्हता, नुसता दिसला.

वाटेत मेंढरं परत आडवी आली, एका फाट्यावर ओळखीचे दोघं हात दाखवून उभे राहिले, एका गावात पोरं झोके बांधत रस्त्यात आली होती. आसारामनं कुणासाठी रेस सोडली, कुणासाठी दिली, पण सिरसाळ्याला घरच्या लिंबाखाली पोचेपर्यंत जीप त्यानं कुठंही थांबू दिली नाही.